आफ्रिकेमार्गे शेजारच्या घरी

आमचे हे आफ्रिकेत रेडिओवर बोलत आणि मी आंदर मावळात भात लावत असे. ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. नवरा कुठं असतो, असं कुणी विचारलं तर मी सांगे, "रविवारी संध्याकाळी पडवीत असतो, बाकीचे दिवस आफ्रिकेत."

आफ्रिकेत जायची त्यांना हौस नव्हती. मळवलीला एका गुजराती शेठचा बंगला होता, तिथं हे रखवालदारी करत. सातवी पास होते, अक्षर सुरेख, वाचन खणखणीत. शेठचं आफ्रिकेतल्या एका बंदराच्या गावी छत्र्यांचं आणि कापडाचं दुकान होतं. त्यांनी ह्यांना कारकून म्हणून बरोबर नेलं. बायकोला मागाहून बोलावून घेऊ, असं ठरलं होतं. आधी माझा परवाना निघेना आणि तो निघायची वेळ आली तेव्हा सासूबाई निघेनात. "समुद्रावर चूल कुटं मांडायची?" हा त्यांचा प्रश्न होता, म्हणून मीही मागं राहिले.

रेडिओवर ते गेले उचकीमुळे. उचकी त्यांची नव्हे, तिथल्या हिंदुस्तानी कार्यक्रमाच्या निवेदकाची. हे दुकानाची जाहिरात द्यायला रेडिओ केंद्रावर गेले होते आणि निवेदकाला नेमकी तेव्हाच उचकी लागली, ती थांबेना. साहेबानं ह्यांनाच मायक्रोफोनपुढं बसवलं. ह्यांनी छत्र्यांची जाहिरात इतक्या गंभीरपणे वाचली की गावाला वाटलं, मोठं वादळ येतंय. दुसऱ्या दिवशी कडक उन्हात लोकांनी दुकानापुढं रांग लावली आणि दुपारपर्यंत एकही छत्री उरली नाही.

त्या गावात मराठी माणसं बरीच होती. रेल्वेच्या कारखान्यातले फिटर, शिंपी, मास्तर, इस्पितळातल्या नर्सबाया. त्यांनी मागणी केली आणि दर रविवारी अर्धा तास मराठीसाठी मिळाला. आठवडाभर दुकान आणि रविवारी रेडिओ, असं ह्यांचं सुरू झालं. दोन-चार गाण्यांच्या तबकड्या लावायच्या, थोड्या बातम्या सांगायच्या आणि मग निरोप. कुणाची बोट कधी लागणार, कुणाकडे भाड्यानं खोली आहे, कोण नवखा माणूस बंदराच्या शेडमध्ये पेटीवर बसून राहिलाय आणि त्याला न्यायला कुणी आलेलं नाही. निरोप वाचून झाला की हे सायकल काढून स्वतःच त्या शेडकडे जात. बाळंतपणाला सुईण शोधून देत, मयताला चार खांदे मिळवून देत. हे मला त्यांनी कधी लिहिलं नाही. तिथून परत आलेल्या माणसांकडून पुढं कळलं.

शेठचा पुतण्या उन्हाळ्यात मळवलीला आला तेव्हा ह्यांनी त्याच्याबरोबर माझ्यासाठी ट्रान्झिस्टर पाठवला. मी तो कामशेतपर्यंत गाडीतून मांडीवर आणि पुढं डोक्यावरच्या पाटीत घालून आणला. वाटेत एका बाईनं विचारलं, "काय इकायला निगालीस?" मी म्हटलं, "मालक हायेत ह्यात." ती बाजूला होऊन मला वाट देऊन उभी राहिली.

पहिल्या रविवारी सासूबाईंना जवळ बसवून मी बटण फिरवलं. खरखर, शिट्टी, कुठल्या कुठल्या भाषा, आणि मग एकदम स्वच्छ आवाज आला, "श्रोतेहो, नमस्कार." पुढं ह्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. जे नाव मी लग्नापासून तोंडातून काढलं नव्हतं ते असं उघड्यावर ऐकून मी पदर ओढून घेतला. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. अर्धा तास ऐकून म्हणाल्या, "ह्यो माझा ल्योक न्हवं."

"अहो, नाव सांगितलं की त्यांनी."

"नाव कुनीबी सांगल. माझा ल्योक न्हाई म्हनतो. ह्यो नाही-नाही करतोय."

त्या शेवटपर्यंत मानल्या नाहीत. तो माणूस भला आहे, आवाजानं चांगला आहे, पण परका आहे, असंच त्यांचं मत राहिलं. दर रविवारी त्या डोक्यावरचा पदर नीट करून बसत.

आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे. गावातलं कुणी आमच्याकडे पाणी पीत नव्हतं. पण आफ्रिकेतून माणूस बोलतोय म्हटल्यावर गाव राहील कसं? दुसऱ्याच रविवारी माणसं आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. त्यांच्यात गावचे वडीलधारे आबा होते. त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. त्यांनी स्वतःचं घोंगडं आणलं होतं. ते अंतरावर अंथरून त्यांनी निवाडा केला, "आवाजाला इटाळ न्हाई. आवाज वाऱ्यावर येतो. वारा काय कुनाच्या घरचा नसतो."

आषाढात पाऊस लागला तेव्हा आबा घोंगडं घेऊन पडवीत आले. "पडवी म्हंजी काय घर न्हवं," ते म्हणाले. पुढं पडवीत पागोळ्यांचे शिंतोडे उडू लागले, तेव्हा ते उंबऱ्याला टेकले. "उंबरा ना आत ना भायेर." श्रावण संपेतो ते चुलीजवळ पाय शेकत बसलेले असत आणि तिथं बसण्यालाही त्यांच्याकडे काहीतरी आधार होताच. चहा मात्र घेत नसत. मी विचारायची, ते नको म्हणायचे आणि जाताना चहाच्या वासाची तारीफ करून जायचे.

येणाऱ्यांत दोन सख्खे भाऊ होते. घरं एका भिंतीनं जोडलेली, शेतांच्या मधे एक बांध, आणि कित्येक वर्षं बोलाचाल बंद. कारण विचारलं तर दोघं वेगवेगळं सांगत. पडवीत ते एकमेकांकडे पाठ करून बसत. थोरला ओढ्याकडे बघून आफ्रिका ऐकायचा, धाकटा डोंगराकडे बघून.

मी ह्यांना पत्रातून घरचं, शेजारचं सगळं लिहीत असे. चौथीपर्यंत शिकले होते, तेवढ्यावर भागत होतं. असंच एकदा लिहिलं, थोरल्याची म्हैस बांध ओलांडून धाकट्याच्या भातात शिरली आणि धाकट्यानं तिला इतकी पिटाळली की ती दोन दिवस दूध देईना. एका रविवारी तिकडं गाण्याची तबकडी मधेच फुटली. वेळ तर भरून काढायचा होता. ह्यांच्या खिशात माझं पत्र होतं, ते त्यांनी वाचायला घेतलं. आमच्या पडवीत दोघे भाऊ बसलेले असताना आफ्रिकेतून म्हैस आली.

सासूबाई म्हणाल्या, "बगा, त्या परक्या मानसालाबी कळलं."

कार्यक्रम संपल्यावर धाकटा माझ्याकडे आला. आधी तो मला "ए रेडिओवाले" म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "बाई, तुमच्या मालकास्नी लिवा. म्हशीला म्या मारलं न्हाई, नुसती हाकलली. आन् हे रेडिवोत सांगाया सांगा."

"अहो, भाऊ तुमचे हे इथं उभे आहेत."

"त्याच्याशी मी बोलत न्हाई."

मी लिहिलं. पत्र बोटीनं गेलं, ह्यांनी वाचलं आणि उत्तर पडवीत येईतो भात पोटरीत आलं होतं. थोरल्यानं ते ऐकून घेतलं, रात्रभर विचार केला आणि सकाळी आपला जबाब घेऊन आला. "वहिनी, लिवा." मी वहिनी झाले ती त्या दिवसापासून. असा तो वाद आफ्रिकेमार्गे चालू लागला. बांधाच्या ह्या अंगाचा माणूस बोले आणि त्या अंगाच्या माणसाला ते समुद्र दोनदा ओलांडून ऐकू येई. श्रावणातल्या आरोपाला दिवाळीत उत्तर मिळे, तोवर भात कापून झालेलं असे. मधे थोरल्यानं ती म्हैस तळेगावच्या बाजारात एका गवळ्याला विकूनही टाकली. पण रेडिओवर ती अजून धाकट्याच्या भातात चरतच होती आणि ते ऐकून धाकटा नव्यानं संतापत होता. रिकाम्या शेताला त्यानं कुंपण घातलं.

तिकडं आफ्रिकेत ह्या म्हशीनं वेड लावलं. फिटर, शिंपी, नर्सबाया सगळे दर रविवारी तिचीच वाट पाहायचे. "बातम्या कमी करा, म्हशीचं सांगा," अशी पत्रं केंद्रावर येऊ लागली. त्यांच्यातल्या कित्येकांनी गाव सोडून पंधरा-वीस वर्षं झाली होती. बांध, चिखल, म्हशीची खोड, असलं काही त्यांना तिकडं कुणी सांगत नव्हतं. एका शिंप्यानं तर तिच्यासाठी पितळी घंटा पाठवली, येणाऱ्या माणसाबरोबर. घंटा आली तेव्हा म्हैस नव्हती. थोरला म्हणाला म्हैस माझी, घंटा माझी. धाकटा म्हणाला, ती प्रसिद्ध झाली ती माझ्या भातामुळं. शेवटी घंटा आमच्या घरात खुंटीला राहिली आणि सासूबाई तिनं कोंबड्या हाकलू लागल्या.

तिथं तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं आणि लोक स्वातंत्र्य मागत होते. एका साहेबाला कुणीतरी ह्या कार्यक्रमाचं भाषांतर करून दिलं. थोरल्याची म्हैस हद्द ओलांडून आली; पुन्हा आली तर धाकटा तंगडी मोडेल; उत्तर दिवाळीला. साहेबाला घाम फुटला. ही सांकेतिक भाषा असणार, असं त्यानं ठरवलं. ह्यांना बोलावून खोलीत बसवलं आणि विचारलं, हद्द कुठली? ह्यांनी कागदावर शेत काढून दाखवलं, बांध काढला, विहीर काढली, म्हशीचा गोठा काढला. तो नकाशा नेमका त्यांच्या बंदरासारखा दिसू लागला. गोठ्याच्या जागी तेलाची टाकी होती.

चौकशीचा कागद समुद्र ओलांडून, दिल्ली, मुंबई, पुणं करत तालुक्याला आला आणि एके दिवशी सायकल हातात धरून, चिखलानं माखलेले एक हवालदार आमच्या दारात उभे राहिले.

"आफ्रिकेच्या रेडिओत आलेली म्हैस कोणती?" त्यांनी विचारलं.

सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हैस दाखवा. म्हैस असेल तर प्रकरण मिटलं. म्हैस नसेल तर ते राजकारण आहे. मी परवा येतो."

ह्यांना तिकडं तुरुंगात घातलं तर? दोघे भाऊ पडवीत उभे होते. थोरला मला म्हणाला, "वहिनी, त्याला सांगा, म्हैस लोनावळ्याच्या गवळ्याकडं हाय. उद्या सकाळी निगायचं."

धाकटा हाताच्या अंतरावर होता. तो मला म्हणाला, "त्याला सांगा, ऐकलं."

असे आम्ही तिघं लोणावळ्याला गेलो, मी मधे चालत. "त्याला इचारा, भाकर आनलीय का." "त्याला सांगा, दोघांपुरती हाय." भुशीच्या रस्त्याला गवळ्याचा गोठा होता. आत म्हशींची रांग, सगळ्या काळ्या, सगळ्या आमच्याकडे सारख्याच नजरेनं बघणाऱ्या.

"हीच," थोरला एकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला.

"ही न्हवं," धाकटा ओरडला. "ती पल्याडची. आरं, तुला सवताची म्हस वळखंना?"

"तू मला शिकवतोस? म्या तिला वाढीवली."

"आन् म्या तिला रोज हाकलली! तिचं ढुंगन मला तुज्यापरीस जास्त म्हाईत हाय!"

गवळी हसायला लागला. मी बोट तोंडात घालून उभी. ते दोघं तसेच तावातावानं भांडत राहिले आणि बऱ्याच वेळानं थोरल्याच्या ध्यानात आलं की आपण कुणाशी बोलतोय. तो थांबला. धाकटाही थांबला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? बोला की."

म्हैस धाकट्यानं दाखवली तीच निघाली. गवळ्यानं ती दोन दिवसांच्या बोलीवर दिली. परतताना रस्ताभर ते दोघं बोलत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं. आई कशी गेली, त्या वेळी कोण कुठं होतं. मी म्हशीबरोबर मागं राहिले.

ठरल्या दिवशी हवालदार आले. म्हशीच्या गळ्यात आफ्रिकेची घंटा बांधून तिला अंगणात उभी केली होती. त्यांनी पंचनामा लिहिला: म्हैस एक, रंग काळा, शिंगे दोन, स्वभाव शांत. थोरल्याला विचारलं, म्हैस तुमची? "व्हय." धाकट्याला विचारलं, भात तुमचं? "व्हय. खाल्लं हिनंच." म्हशीनं तेवढ्यात हवालदारांच्या टोपीकडे मान लांबवली, तेव्हा त्यांनी स्वभावाची ओळ खोडली.

मग म्हणाले, "आता पंच पाहिजे. रेडिओवर म्हैस ऐकलेला प्रतिष्ठित माणूस."

आबा पुढं झाले. असल्या मानाच्या वेळी त्यांना मागं राहणं जमत नसे.

"तुम्ही कुठं बसून ऐकलं?"

आबांनी गावाकडे पाहिलं. सगळं गाव अंगणात जमलं होतं. "भायेर," ते म्हणाले. "लांब. घोंगड्यावर."

"बाहेरून ऐकलेलं चालणार नाही. म्हैस म्हणाला की बैस म्हणाला, काय भरवसा? आत बसून ऐकलेला माणूस पाहिजे. कोण आहे?"

वस्तीतले दोघं-तिघं पुढं सरकले. आबांना ते झेपेना. गावचा पंच वस्तीतला होणार आणि सरकारी कागदावर आबांचा अंगठा नसणार! ते खाकरले आणि म्हणाले, "आत बसलेलो. चुलीपाशी. दर ऐतवारी."

हवालदारांनी लिहिलं, 'सदर घरात नेहमी बसणारे-उठणारे.' मी आतून चहा आणला. हवालदारांनी घेतला. दुसरा कप मी आबांपुढं धरला. कागदावरची शाई वाळली नव्हती. आबांनी कप घेतला आणि एका दमात पिऊन टाकला, जणू पंचनाम्याचाच तो भाग होता. "साखर कमी हाय," एवढंच म्हणाले. त्यानंतर ते चहा मागून घेऊ लागले.

तिकडं ह्यांची चौकशीतून सुटका झाली. मात्र यापुढं म्हशीचा उल्लेख पूर्वपरवानगीनं करावा, असा हुकूम निघाला.

अडचण वेगळीच झाली. भाऊ आता थेट बोलत होते, त्यामुळं आफ्रिकेला कळवायला काही उरलं नाही. तिकडचे श्रोते नाराज झाले. ह्यांनी मला लिहिलं, 'दोघा भावांना विनंती करावी, जमल्यास थोडं भांडावं. इथं लोक फार उदास आहेत.' मी निरोप दिला. दोघे भाऊ विचारात पडले. "भांडाया कारन पायजे ना, वहिनी," थोरला म्हणाला. मग त्यांनी बांधावरच्या फणसावरून वाद काढला, पण त्यात जीव नव्हता. दोघंही मला एकमेकांची बाजू सांगू लागले. तो फणस ह्यांनी दोन रविवार कसाबसा चालवला.

पुढं तो देश स्वतंत्र झाला. काही वर्षांनी शेठनी दुकान आवरलं आणि ते विलायतेला गेले. मराठीचा अर्धा तासही बंद झाला. हे परत आले. किरकोळ शरीर, डोक्याचे केस अर्धे गेलेले. आबा त्यांना लहानपणापासून ओळखत, तरी खालीवर न्याहाळून म्हणाले, "आवाजावरनं मानूस उंच वाटला व्हता."

सासूबाईंनी त्यांना कुरवाळलं, रडल्या. पहिल्या रविवारी संध्याकाळी त्या पदर नीट करून बसल्या. ट्रान्झिस्टर मुकाच होता. त्या ह्यांना म्हणाल्या, "बाबा, तितं असताना त्या रेडिववाल्याला कदी भेटलास का रं? लय भला मानूस व्हता. कुटं गेला आसंल?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई गं आये, भेट न्हाई झाली."

एवढ्या वर्षांनी एकत्र राहायचं म्हटल्यावर मला काही सुचत नव्हतं. त्यांनाही नाही. घरात ते फार कमी बोलत, आणि मला तर त्यांचा आवाजच पाठ होता, माणूस नव्हे. जेवताना मी त्यांच्याकडे चोरून बघे. लोणावळ्याच्या बाजारात एका दुकानात त्यांना काम मिळालं, तेव्हा सासूबाईंना घेऊन आम्ही तिथं खोली केली.

त्याच सुमारास तिकडून माणसं येऊ लागली. कित्येकांचा जन्मच तिथला. हिंदुस्थानात त्यांना कोण ओळखणार? रेडिओवर ह्यांनी मावळ-मावळ म्हटलेलं होतं, मावळ म्हणजे मळवलीच, एवढ्या धाग्यावर ती तिथं उतरत आणि स्टेशनवर ह्यांचं नाव विचारत. हे कामावरून सुटले की कुणासाठी खोली, कुणासाठी दाखला, कुणाच्या पोराची शाळा, ह्यातच फिरत असत. मी एकदा चिडून म्हटलं, "तिथंही हेच, इथंही हेच." ते म्हणाले, "तितं सायकल तरी व्हती."

एकदा एका शिंप्याची विधवा आली, दोन मुलींना घेऊन. शिलाईचं मशीन जहाजातून आणलेलं, पण मुलींना मराठीचं अक्षर येत नव्हतं. बोलता येई, वाचता येत नसे. आमच्या शेजारीच त्यांना खोली मिळाली. ती बाई आणि मी परकर-झंपर शिवू लागलो आणि हे संध्याकाळी मुलींना घेऊन बाजारपेठेतून पाट्या वाचत निघू लागले. शिकवायचं म्हटलं की त्यांचा रेडिओचा आवाज आपोआप बाहेर पडे. "येथे... उत्तम... प्रकारचे... गूळ-शेंगदाणे... मिळतील." दुकानदार दचकून बाहेर येत. काहींना वाटलं, हा माणूस नगरपालिकेचा असून पाट्या तपासतोय. एकानं घाईघाईनं शिडी लावून आपल्या पाटीवरची वेलांटी दुरुस्त केली. दुसऱ्यानं पाटीच उतरवून ठेवली.

धाकटी मुलगी हट्टी होती, तोंड उघडत नसे. एका संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर होते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती एकदम थांबली आणि भिंतीवरच्या अक्षरांवर बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागली, "येथे... थुं... कू... नये." पुरं वाक्य. हे इतके हरखले की त्यांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते वाक्य तिच्याकडून वाचून दाखवू लागले. ज्यांनी ऐकलं त्यांनी निमूटपणे तोंडातला पानाचा तोबरा गिळला. मी मागं उभी होते. आमचे हे कसे दिसतात, ते मी पहिल्यांदाच नीट पाहून घेतलं.